सेन्योर देवपुजारी यांचा स्पॅनिशचा तास

मी स्पॅनिश शिकवतो, हे मला पंजाबरावांकडून कळलं.

पंजाबराव आमचे शेजारी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा, वलगावला थोडं वावर, आणि या दोन्हींतून उरलेला सगळा वेळ आमच्या फाटकाशी. मे महिन्यातली सकाळ होती. मी झाडांना पाणी घालत होतो, तोच ते कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले, "सर, तुमी भल्ले छुपे रुस्तम निंगाले. इस्पॅनिश येते तुमाले, अन् आमाले पत्ता नाई."

"कोणाला येते?"

"तुमाले. पंचवटी चौकात एवढा मोठा फोटो लावला हाये तुमचा. जाऊन पाहा ना."

मी स्कूटर काढली. चौकात आमच्या शाळेचा फ्लेक्स होता. वरच्या अर्ध्या भागात संस्थेचे सचिव नितेशभाऊ हात जोडून उभे. त्यांच्याखाली कोट घातलेली काही गोरीपान मुलं हसत होती. ती आमच्या शाळेत मी कधी पाहिली नाहीत. आणि उजव्या कोपऱ्यात मी. तो फोटो एका शोकसभेत काढलेला होता, त्यामुळे चेहऱ्यावरचा भाव नवीन अभ्यासक्रमाला फारसा पोषक नव्हता. खाली लिहिलं होतं: 'सेन्योर सी. देवपुजारी, फॉरेन लँग्वेज एक्स्पर्ट.'

माझं नाव चिंतामण. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अचलपूरला पूजाअर्चा केली. मी अमरावतीत येऊन आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. आमच्यापैकी कोणाला आजवर कोणी सेन्योर म्हटलं नव्हतं. भर चौकात, उसाच्या रसाच्या गाडीशेजारी, मला असा संताप आला की रसवाल्याने न विचारता ग्लास पुढे केला.

तसाच नितेशभाऊंकडे गेलो. नितेशभाऊ म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव. आठवीत ते माझ्याच वर्गात संस्कृतला होते. त्या वर्षाबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

"बसा ना सर. चहा?"

"चहा नको. मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही."

"पोट्ट्यांले तरी कुठं येते?" ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही फक्त एक धडा पुढे राहा."

"मी संस्कृतचा शिक्षक आहे."

"म्हणूनच ना. संस्कृत सगळ्या भाषांची आई आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. मग आईले लेकीचं घर सांभाळता येत नाही काय?"

शिकवलेलं असं कधी अंगावर येईल सांगता येत नाही. पुढे ते म्हणाले की पालक आता संस्कृत मागत नाहीत, तास कमी झाले आहेत, मला कुठे बसवायचं हा त्यांना प्रश्नच आहे. बसची ड्यूटी मोकळी आहे. ग्रंथालयही आहे. आमचं ग्रंथालय म्हणजे मोडके बाक ठेवायची खोली. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेला माणूस. उरलेली वर्षं मोडक्या बाकांत काढायची किंवा सकाळ-संध्याकाळ बसच्या दारात उभं राहून पोरांची दप्तरं आत ढकलायची, एवढीच निवड होती.

घरी जाताना मी मनातल्या मनात राजीनामा तयार केला. संस्कृतात केला. दुसऱ्याच ओळीत छान अनुप्रास जमला होता. पण घरी पोहोचेपर्यंत उशीर झालेला होता. अचलपूरहून चुलतभावाचा अभिनंदनाचा फोन येऊन गेला होता. पुण्याहून आमच्या मुलीने, जुईलीने, फ्लेक्सचा फोटो तिच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता. "बाबा, तुम्ही आम्हाला सांगितलंसुद्धा नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे कौतुक होतं ते माझ्या संस्कृताच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. याचाही मला राग आला.

"खरं काय ते सांगून टाका सगळ्यांना," रमा म्हणाली. रमा माझी बायको. तिचे सल्ले नेहमी सोपे असतात, कारण ते तिला अमलात आणायचे नसतात.

"काय सांगू? शाळेने मला न विचारता चौकात टांगलं आणि मी चहाला नाही म्हणून परत आलो?"

ती कणीक मळायला आत गेली. मी राजीनामा लिहिला नाही.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत प्रत्येकाला स्पॅनिश कसं शिकावं याची अक्कल फुटली. कोपऱ्यावरच्या वकिलांनी सांगितलं, मोबाइलवर मालिका पाहा, कानावर पडून पडून भाषा येते. त्यांच्या कानावर त्यांची बायको आयुष्यभर पडते आहे; फरक दिसलेला नाही. पंजाबराव म्हणाले, "सर, तुमी महिनाभर गोव्यात राहून या."

"तिथे पोर्तुगीज होते."

"मंग शेजारचेच ना थे. निभून जाईन."

मात्र पंजाबरावांनीच शेवटी मार्ग काढला, हे मला नाइलाजाने सांगावं लागतं. त्यांची भाची दामिनी अकोल्याला राहते. पुण्यात नोकरीला असताना स्पॅनिश शिकली आणि आता घरी बसून फोनवर काम करते. "मेक्सिकोतल्या लोकायची मशीन बिघडली का थे हिले फोन करतात," पंजाबराव म्हणाले. "रविवारी मोकळी राह्यते. जाजा तुमी. म्या सांगून ठेवतो."

आणि मी, सेन्योर सी. देवपुजारी, डब्यात पोळी-भाजी घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसलो. सोबत व्याकरणाचं एक जाड पुस्तक होतं. ते मुद्दाम वर दिसेल असं धरलं होतं.

दामिनी आमच्या जुईलीपेक्षाही लहान निघाली. गळ्यात हेडफोन, केस वर बांधलेले. "या काका. चप्पल तिकडे काढा," म्हणाली. मी बसलो, पुस्तक उघडलं आणि गंभीरपणे विचारलं, "स्पॅनिशमध्ये विभक्ती किती?"

"विभक्ती राहू द्या. वर्गात उभं राहून काय बोलणार, ते आधी शिकू. उठा, बसा, ऐका, पुन्हा म्हणा, पुस्तक उघडा. एवढं आलं की वर्ग चालतो. बाकी मागून येतं." मग तिने दार लोटलं. "आणि आता या खोलीत मराठी बंद."

तिने खरोखरच बंद केलं. मला म्हणाली, "लेवान्तेसे." मी पाहत राहिलो. तिने हाताने खूण केली, मी उभा राहिलो. "सिएन्तेसे." बसलो. पुन्हा उठवलं. पुन्हा बसवलं. सगळी हयात मी दुसऱ्यांना उठवलं-बसवलं. आता अकोल्याच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, एक पोरगी मला उठाबशा काढायला लावत होती आणि प्रत्येक उठाबशीनंतर "मुइ बिएन," म्हणजे फार छान, म्हणत होती. लहान मुलाला म्हणावं तसं.

घशाला कोरड पडली. मी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. ती माठाकडे पाहून नुसती हसली. "पाणी," मी म्हणालो. तिने खांदे उडवले. पंजाबरावांच्या सख्ख्या भाचीला पाणी हा शब्द कळेना. मग तिने हळूहळू एकेक शब्द पुढे टाकला, आणि मी तो एकेक उचलून म्हणालो, "पुएदो तोमार आग्वा, पोर फावोर?" मी पाणी पिऊ का, कृपा करून. पेला हातात आला तेव्हा तो तिच्या डोक्यावर ओतावा की प्यावा, याचा मी क्षणभर विचार केला. मग प्यायलो.

शेवटी तिने एक लांबलचक काहीतरी सांगितलं आणि कळलं का, अशी खूण केली. मी मान हलवली. "काका," ती स्वतःचा नियम मोडून मराठीत म्हणाली, "तुम्हाला कळलं नाही."

"कळलं."

"मग सांगा."

पंखा फिरत राहिला.

"म्हणा, नो एन्तिएन्दो. मला समजलं नाही. हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे. पहिल्या दिवशी हेच शिकायचं असतं."

"मी हे कधी म्हटलेलं नाही," मी म्हणालो. "कोणत्याच भाषेत."

"मग या भाषेत सुरुवात करा."

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत धुमसत होतो, आणि मधूनमधून ओठ हलत होते. समोरच्या बाईंनी आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

मधल्या काळात शाळेने आणखी एक उद्योग मागे लावला. परदेशी भाषा शिकवायची तर परवानगी लागते, असं कोणीतरी नितेशभाऊंच्या डोक्यात भरवलं. मी एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी 'परदेशी' हा शब्द वाचला आणि कागद परत सरकवला. "परदेशी असेल तर आमच्याकडे नाही. पोलिसांकडे जा." पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "परदेशी कोण आहे?"

"भाषा आहे."

"हो, पण उतरली कुठे आहे? मुक्कामाचा पत्ता लागतो."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी त्याने रिकामा रकाना कशाला ठेवायचा म्हणून माझाच पत्ता लिहिला. काही दिवसांनी एक शिपाई चौकशीला आला. मी घरी नव्हतो. त्याने पंजाबरावांना विचारलं, यांच्याकडे कोणी परदेशी येतं का, काही संशयास्पद दिसलं का. पंजाबराव खोटं बोलत नाहीत. "येत कोनी नाई," ते म्हणाले, "पन सर महिन्यापासून खिडकी लावून काईतरी बडबडून राह्यले. अन् मधातच उठतात न् बसतात." मला दोनदा चौकीत जाऊन यावं लागलं. परवानगी अजून आलेली नाही. ती लागत नाही, असं मागाहून कळलं.

जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली. सहावीचा वर्ग. मी आत शिरलो, पोरांनी नेहमीप्रमाणे नमस्ते सर असा लांबलचक सूर लावला, आणि मी दामिनीने शिकवल्याबरहुकूम म्हणालो, "सिएन्तेन्से." वर्ग बावचळून उभाच राहिला. मी खूण केली, सगळे बसले. मला सांगायला आवडत नाही, पण त्या क्षणी अंगावर जरासा काटा आला होता. हजेरीला 'प्रेसेन्ते'. गडबड झाली की 'सिलेन्सिओ'. पुस्तक उघडा, 'आब्रान एल लीब्रो'. बोलायचं असेल तर 'लेवान्तेन ला मानो', हात वर. आणि मुलांनी म्हणायची वाक्यं: मला समजलं नाही, हळू बोला, याला काय म्हणतात, मी बाथरूमला जाऊ का.

हे शेवटचं वाक्य मी शिकवायला नको होतं. 'पुएदो इर आल बान्यो?' पोरांना त्या वाक्याचं वेड लागलं. आठवडाभरात ते सहावीतून सातवीत, सातवीतून पाचवीत पसरलं. मराठीच्या बाईंना वाटलं, हा नमस्कार आहे. त्या प्रत्येकाला "सुखी राहा बेटा" म्हणायच्या आणि बेटा बाहेर निघून जायचा. भूगोलाचे सर परदेशी भाषेपुढे बिचकून मान डोलवायचे. दुपारच्या सत्रात निम्मी शाळा व्हरांड्यात असायची आणि बाथरूम मात्र रिकामं.

मग एक दिवस गणिताचे चंदन सर स्टाफरूममध्ये आले. हातात खडू तसाच होता. "देवपुजारी, तुमच्या पोट्ट्यांनी मले शिवी देल्ली. साऱ्या वर्गानं. एका सुरात."

"काय म्हणाले?"

"नोयंतेंदो का काय."

"ती शिवी नाही. त्याचा अर्थ, मला समजलं नाही."

चंदन सर खाली बसले. खडू टेबलावर ठेवला. "इतके वर्सं झाले अपूर्णांक शिकवून राहिलो," ते म्हणाले. "मराठीत तं कोनी कधी म्हटलं नाई."

हे प्रिन्सिपल मॅडमपर्यंत गेलं. त्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला: विद्यार्थी सर्व विषयांत शंका का विचारू लागले आहेत. मी खुलासा लिहिला. राग गिळून लिहिला, म्हणून अक्षर बिघडलं.

मी नितेशभाऊंवर चिडलेला होतो, पोरांवर चिडलेला होतो, दामिनीवर तर दर रविवारी चिडत होतो. ती आता क्रियापदांवर आली होती आणि माझा उच्चार ऐकून डोळे मिटून घेत होती. तरीही रविवारी सकाळी गाडीच्या कितीतरी आधी मी बडनेऱ्याच्या फलाटावर उभा असायचो. रमा विचारायची, इतक्या लवकर कशाला. मी तिच्यावरही चिडायचो.

हिवाळ्यात संत्र्यांचा हंगाम आला आणि त्याबरोबर नवं संकट आलं. स्पेनमधल्या वालेन्सिया भागातले एक संत्रातज्ज्ञ, सेन्योर विसेन्ते, मोर्शीकडचे बगीचे पाहायला आले. पंजाबरावांच्या बगीच्यातही आले. ते येऊन निमूट परत गेले असते. पण पंजाबरावांनी सलूनमध्ये बसून सांगितलं, की अमरावतीत आमच्या शेजारी एक सर आहेत, ते या पाहुण्याशी तासभर गप्पा मारतील. संध्याकाळपर्यंत हे नितेशभाऊंच्या कानावर गेलं.

"सर, पाहुणे शनिवारी शाळेत येतात. तुम्ही स्पॅनिशमध्ये स्वागताचं भाषण करा. दणदणीत."

मी कुंपणापाशी जाऊन पंजाबरावांना जाब विचारला. ते दुखावले. "म्या तं तुमची तारीफ केली," ते म्हणाले. "तारीफ करून बी मानूस आयकून घेते, हे आज पाह्यलं."

दामिनीने फोनवर भाषण सांगितलं. मी ते पाठ केलं, देवासमोर म्हटलं, स्वयंपाकघरात म्हटलं, रमाला इतकं पाठ झालं की मी अडलो की ती आतून पुढचा शब्द पुरवायची. शनिवारी मैदानात मांडव होता, सगळी शाळा बसली होती, मंचावर संत्र्यांची टोपली. सेन्योर विसेन्ते उंच, उन्हाने लाल झालेले, भल्या चेहऱ्याचे गृहस्थ. मी माइकसमोर गेलो आणि पहिलं वाक्य म्हणालो. ते बरोबर आलं असावं, कारण पाहुण्यांचा चेहरा फुलला. ते खुर्चीतून उठले, माझे दोन्ही हात धरले आणि स्पॅनिशमध्ये धो धो बोलू लागले.

त्यातला एक शब्द मला कळला नाही. माझं भाषण, देवासमोरचं आणि स्वयंपाकघरातलं, सगळं त्या लोंढ्यात वाहून गेलं. समोर शाळा बघत होती. नितेशभाऊ कॅमेऱ्याकडे तोंड करून हसत होते. आणि मग मला राग आला. या माणसाचा आला, नितेशभाऊंचा आला, त्या चौकातल्या फोटोचा आला, सगळा एकदमच आला. मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "मास देस्पासियो, पोर फावोर." जरा हळू बोला.

पाहुणे थांबले. "पेर्दोन," म्हणाले, आणि हळू बोलू लागले.

"रेपीता," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा सांगितलं. आता त्यातले दोन शब्द हाती लागले. "के सिग्निफीका?" मी तिसऱ्याचा अर्थ विचारला. त्यांनी हातवारे करून समजावला. सहावीची पोरं पुढच्या ओळीत होती. आपलीच वाक्यं मंचावर चाललेली पाहून ती गुडघ्यांवर उठून बसली. मग पाहुण्यांनी टोपलीतलं एक संत्रं उचलून पोरांसमोर धरलं. आचल नावाची मुलगी, वर्गात सगळ्यात जास्त शंका विचारणारी, हात वर करून उभी राहिली.

"कोमो से दीसे संत्रं?"

"नारांखा," पाहुणे म्हणाले.

नारांखा. मी जागच्या जागी थबकलो. नारंग. संस्कृतातला नारंग. आपल्याकडचा शब्द इराणी आणि अरबांच्या तोंडून समुद्रापलीकडे गेला आणि आज उन्हाने लाल होऊन अमरावतीत परत आला होता. मी माइकवर तसं सांगितलं, मराठीतच सांगितलं. पाहुण्यांना कसंबसं समजावलं, तेव्हा त्यांनी ते संत्रं माझ्या हातात ठेवलं. नितेशभाऊंचं आई आणि लेकीचं वाक्य एका फळापुरतं खरं निघालं होतं. त्या दिवसातला सगळ्यात कडवट राग मला त्याचा आला.

"ग्राथियास," पाहुणे शेवटी म्हणाले. स्पेनमध्ये आभार असेच मानतात. आमच्या पोरांना दामिनीचा मेक्सिकोचा उच्चार. आचल पुन्हा उभी राहिली आणि पाहुण्यांची चूक अदबीने दुरुस्त करत म्हणाली, "सर, ग्रासियास." सेन्योर विसेन्ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

नंतर नितेशभाऊ इंग्रजीत बोलले. खूप वेळ बोलले. व्हिजन, मिशन, ग्लोबल. पाहुण्यांना इंग्रजी जेमतेम. ते बराच वेळ सभ्यपणे ऐकत राहिले, मग पोरांसारखा हात वर करून म्हणाले, "नो एन्तिएन्दो." अख्ख्या शाळेला हे वाक्य कळलं. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. चंदन सरसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. नितेशभाऊंना वाटलं, आपलं कौतुक झालं. त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाहुणे, नितेशभाऊ आणि संत्र्याची टोपली. डाव्या कडेला एक कोपर दिसत होतं. ते माझं होतं. रमाने खात्री केली. शर्ट तिने इस्त्री केलेला होता.

सोमवारी बोलावणं आलं. "सर, हिट झालं," नितेशभाऊ म्हणाले. "आता लेव्हल वाढवू. एका कंपनीचे रेकॉर्ड केलेले धडे घेतले आहेत. वर्गात मोठा स्क्रीन. तुम्ही फक्त चालू करायचा, बंद करायचा, पोरांले गप्प ठेवायचं. तुमचा त्रास गेला."

मी हेच तर मागत होतो. मेपासून हेच. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी पुन्हा संताप आला. या लोकांनी मला न विचारता एक भाषा गळ्यात बांधली होती. मी ती उन्हात अकोल्याला जाऊन, पाण्यासाठी विनवण्या करून मिळवली. आणि आता ती न विचारताच काढून घेत होते.

"ठीक आहे," मी म्हणालो. मला बोलायला नेहमी नंतर सुचतं.

स्क्रीन लागला. त्यावर एक सुंदर बाई समुद्राकडे पाठ करून उभी राहिली आणि बोलू लागली. ती प्रश्न विचारायची, थोडं थांबायची, आणि पोरांनी काहीही म्हटलं तरी खूश होऊन 'मुइ बिएन' म्हणायची. मागच्या बाकावरच्या एकाने 'वांग्याची भाजी' असं उत्तर देऊन पाहिलं. मुइ बिएन. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो.

आचलने हात वर केला. "मास देस्पासियो, पोर फावोर."

बाई बोलत राहिली.

"पोर फावोर," आचल पुन्हा म्हणाली, मोठ्याने. बाई हसून पुढच्या धड्याकडे वळली. आचल तशीच उभी होती, हात वर धरून, आणि तिचा चेहरा पडत गेला. मग ती माझ्याकडे वळली. तिच्यामागोमाग सगळा वर्ग.

मी उठलो आणि भिंतीतला प्लग उपटला.

तेवढ्यात दारात नितेशभाऊ उभे राहिले. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी आलेल्या पालकांना ते स्क्रीन दाखवायला घेऊन आले होते. "सर, बंद काहून केला?"

"ती बाई ऐकत नाही."

"सर, रेकॉर्डिंग आहे थे."

"मला माहीत आहे काय आहे ते." माझा आवाज चढला होता, तो इतका चढतो हे मलाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर जपलेली शुद्ध भाषाही कुठेतरी पडून गेली. "ही पोरगी दोन खेपा हात वर करून इचारून राहिली, भाऊ. कृपा करून म्हणून राहिली. जो आयकत नाही त्याले वर्गात उभं करायचं नाही. मी हा स्क्रीन लावत नाही. बसवर उभं करा, बाकाच्या खोलीत टाका, फोटो काढून टाका चौकातून. पण या तासाले इथं मी राहीन."

पालकांमध्ये वलगावहून नातवाला घेऊन आलेल्या मैनाबाई होत्या. त्यांनी पदर सावरत नितेशभाऊंना विचारलं, "आमचं पोट्टं भल्लं इचारते. मंग याले शिकवाले हे सर राह्यतीन का थे बाई?"

नितेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं, पालकांकडे पाहिलं. "सरच आहेत ना," ते म्हणाले. "सर म्हणजे आमचे एक्स्पर्ट. स्क्रीन फक्त सपोर्टले." आणि सगळ्यांना कॉम्प्युटरची खोली दाखवायला घेऊन गेले.

मी टेबलाशी उभा होतो. प्लग अजून हातातच होता. पोरांनी मला असं कधी पाहिलेलं नव्हतं. मग आचलने हात वर केला.

"सर, कोमो से दीसे राग?"

रागाला काय म्हणतात. मी आठवून पाहिलं. दामिनीने उठायला, बसायला, पाणी मागायला शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं. एक वर्षापूर्वी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. पण तेवढं बळ उरलं नव्हतं, म्हणून खरं तेच स्पॅनिशमध्ये बोललो.

"नो से," मी म्हणालो. म्हणजे, मला माहीत नाही.

वर्गाने माना डोलवल्या आणि वह्यांत लिहून घेतलं. मला वाटलं, पोरं शहाणी झाली, शिक्षकाचं अज्ञानही टिपून ठेवतात. मी जरा भारावलोसुद्धा.

रविवारी दामिनीने खरा शब्द सांगितला, एनोखो. सोमवारी तो मी फळ्यावर लिहिला, आणि तेव्हा गोंधळ लक्षात आला: सगळ्यांच्या वह्यांत 'राग म्हणजे नो से' असं लिहिलेलं होतं. मी समजावून सांगितलं. आचलने विचार केला आणि म्हणाली, "सर, हा साध्या रागाला असेल. मोठ्या रागाला नो से." बाकीच्यांना हे पटलं. तोवर ते सातवीत आणि पाचवीत पोहोचलेलंच होतं.

परवा तास संपवून स्टाफरूमकडे निघालो, तर चंदन सरांनी व्हरांड्यातच माझा दंड धरला आणि मला खांबाआड ओढलं.

"आत्ता जाऊ नका तिकडं," ते हळूच म्हणाले. "मॅडमले सकाळपासून नो से येऊन राह्यला."